वाद्यवृंदाचा हजेरीपट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाद्यवृंद हा आहे. शास्त्रीय मैफलीतील एकट्या कलावंताचे वादन सर्वांच्या परिचयाचे असते. त्यावर ग्रंथ आहेत, चरित्रे आहेत. परंतु दहा-वीस वाद्ये एकत्र येऊन जे सुगम, कानाला सहज रुचणारे संगीत निर्माण करतात, त्याचा विचार फारसा होत नाही. ते संगीत आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वाजते, चित्रपटगीताच्या दोन कडव्यांमध्ये वाजते, प्रार्थनेच्या आधी वाजते; आणि ऐकणारा ते ऐकून विसरतो. या संगीताची आपल्याकडील परंपरा कशी घडली, तिची ध्वनिमुद्रणे कोणत्या रूपात उरली, आणि शाळेचा या साऱ्याशी संबंध काय, एवढ्या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीसाठी विख्यात गायिका गौहर जान यांनी तेव्हा जी गाणी मुद्रित केली, त्यांच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. याचे कारण व्यावहारिक होते. मुद्रित झालेल्या गाण्याच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत, आणि तेथील कारागिरांना तबकडीवर कोणते नाव छापावयाचे हे कळणे आवश्यक होते. त्या उच्चारामुळे गायिकेचे नाव आज शंभराहून अधिक वर्षे टिकले आहे. त्याच तबकडीवर सारंगी वाजते, तबला वाजतो. त्यांच्या वादकांना मात्र नाव उच्चारण्याची संधी नव्हती. आपल्या ध्वनिमुद्रित वारशाची थोरवी आणि त्याचे वैगुण्य या एकाच उदाहरणात दिसते. सूर राहिला, नाव राहिले नाही.

एकत्र वादनाची कल्पना आपल्याकडे परकी आहे असा एक समज आढळतो. तो खरा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यसमूहाला 'कुतप' असा शब्द आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवरच लिहिला, आणि त्यात वृंदाचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे प्रकार सांगितले. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत असे त्याने नोंदविले आहे. संख्या नेमून देणारा ग्रंथकार समोर प्रत्यक्ष वृंद असल्याशिवाय असे लिहीत नाही.

तथापि पुढील काळात आपले संगीत एकल गायन-वादनाकडे झुकले, आणि त्यालाही संगीतातीलच कारणे आहेत. राग हा कलावंताने त्या क्षणी फुलवायचा असतो. पुढचा स्वर कोणता लागणार हे त्याच्या साथीदारालाही आधी ठाऊक नसते. वीस जणांनी एकाच वेळी वाजवायचे तर पुढचा स्वर आधी लिहिलेला असावा लागतो. दुसरी अडचण वाद्यांची. सतारीच्या तरफेच्या तारा एका रागाच्या स्वरांत जुळवलेल्या असतात. मध्येच राग बदलला तर त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. सनई मोकळ्या अंगणासाठी घडली आहे आणि वीणा शांत दालनासाठी. दोन्ही शेजारी बसविल्या तर वीणा ऐकूच येत नाही. शिवाय मींड ही आपल्या संगीताचा प्राण. दहा व्हायोलिनांनी एकच मींड एकाच वेगाने घ्यायची, तर त्या दहा जणांचा रियाज एका हाताखाली झालेला असला पाहिजे. म्हणून आपल्याकडे वाद्यवृंद जेथे जेथे उभा राहिला, तेथे तेथे आधी एक शाळा उभी राहिलेली दिसते. या व्याख्यानाचा हा मुख्य मुद्दा आहे.

तीन उदाहरणे पाहावीत. पहिले मैहरचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साथीच्या तापाने मैहर संस्थानात अनेक मुले अनाथ झाली. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अशा मुलांना एकत्र करून वाद्ये शिकविली आणि 'मैहर बँड' उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे वाद्यही बनविले. ज्या मुलांना घर राहिले नव्हते, त्यांना वाद्यवृंदाने घर दिले.

दुसरे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडून गावोगावी शाळा असत आणि तेथील 'मेस्त्री' मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवीत. मूळ हेतू चर्चमधील प्रार्थनासंगीताचा होता. परंतु कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजविणारी एक पिढी त्यातून घडली. पोटापाण्यासाठी ती मुंबईला आली, आणि हिंदी चित्रपटसंगीताचा नाद तिने घडविला.

तिसरे उदाहरण पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. १९०१ साली लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, गुरूच्या घरातील विद्या वर्गात आणली, आणि स्वरलेखनाची पद्धती घालून दिली. त्यांचे शिष्य विष्णुदास शिराळी हे पुढे उदय शंकर यांच्या नृत्यपथकाचे संगीतकार झाले. युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यांत या पथकाबरोबर सर्वस्वी भारतीय वाद्यांचा वृंद असे. १९३७ साली न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने त्याचे वादन मुद्रित केले. भारतीय वाद्यवृंद परदेशात ऐकला गेला तो प्रामुख्याने अशा तबकड्यांमधून, आणि त्यामागे पलुस्करांच्या वर्गातील शिक्षण होते.

आता आपल्या दिल्लीकडे वळू. दिल्लीचे नभोवाणी केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी अलीपूर रोडवरील एका बंगल्यात सुरू झाले. आकाशवाणीची जी संकेतधून आजही प्रसारणाच्या आरंभी ऐकू येते, ती याच काळातली आणि वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची. कॉफमन हे मध्य युरोपातील ज्यू. १९३४ साली ते मुंबईत आले आणि तेथील नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे ते छोटे सूत, शिवरंजनीची आठवण करून देणारे, या देशात जितक्या वेळा ऐकले गेले तितके दुसरे कोणतेही वाद्यसंगीत क्वचितच ऐकले गेले असेल. ते व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे सांगितले जाते. नभोवाणीवरून मात्र धून वाजे आणि वादकाचे नाव कधी उच्चारले जात नसे.

दिल्ली केंद्रावर १९३७ साली जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. इंग्लंडमध्ये त्यांची ख्याती होती ती मुख्यतः हलक्याफुलक्या वाद्यवृंदरचनांसाठी. दिल्लीत त्यांनी भारतीय वादकांना स्वरलिपी शिकविण्यास आरंभ केला आणि भारतीय वाद्यांचा एक वृंद उभा केला. येथेही आधी वर्ग आणि मग वृंद हाच क्रम होता. १९३९ च्या एप्रिल महिन्यात त्यांची कलकत्त्याला नेमणूक झाली, आणि तेथे पोहोचल्यानंतर अल्पावधीत कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अखेरच्या काळातील हिंदुस्थानात लिहिलेल्या रचनांची अनेक हस्तलिखिते हरवली. मागे कोणी जपणारा नसेल तर एवढे कार्यही किती सहज पुसले जाते!

फोल्ड्स यांचे एक मत मात्र टिकले. हार्मोनियम हे भारतीय संगीताला घातक वाद्य आहे, असे त्यांनी हिरिरीने मांडले होते. त्या विचाराला इतरही पाठीराखे होते, आणि १९४० साली नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. ती सुमारे तीन दशके टिकली. गोविंदराव टेंबे यांच्या हार्मोनियमवर आणि नाट्यगृहातील ऑर्गनवर कान घडलेल्या मराठी श्रोत्याला ही बंदी विशेष जाणवणारी होती. श्रुतींची सूक्ष्मता हार्मोनियमला साधत नाही, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या चुकीचा नाही. तरीही ज्या पेटीच्या आधाराने हजारो घरांत आणि शाळांत मुले पहिला षड्ज लावायला शिकली, ती पेटी नभोवाणीवर निषिद्ध ठरली आणि शाळांच्या प्रार्थनेत राहिली. शास्त्रापुढे पेटीची बाजू लंगडी पडते. शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर तिचे उपकार मोठे आहेत.

स्वातंत्र्यानंतर वाद्यवृंदाचा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी उपस्थित झाला. तो राष्ट्रगीताच्या निवडीचा प्रसंग होता. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी एका समारंभात वाजविण्यासाठी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागण्यात आले. शिष्टमंडळाजवळ 'जन गण मन'ची एक ध्वनिमुद्रिका होती. ती तेथील वाद्यवृंदाला देण्यात आली, त्याने सराव केला, आणि ते वादन अनेक देशांच्या प्रतिनिधींना अतिशय आवडले. हा वृत्तांत पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी सभागृहात सांगितला. राष्ट्रगीत देशोदेशीच्या वाद्यवृंदांना आणि लष्करी बँडना वाजविता आले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि 'वंदे मातरम्' त्या दृष्टीने अवघड जाईल असे त्यांना वाटत होते.

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी एक मराठी संगीतकार दिल्लीला आले. ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. गंधर्व नाटक मंडळी आणि प्रभात चित्रसंस्था या दोन्हींचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. त्यांनी 'वंदे मातरम्'ला समूहाला गाता येईल अशी चाल दिली, बँडवर वाजेल अशी तिची रचना सिद्ध केली, आणि घटना समितीच्या सदस्यांसमोर प्रत्यक्ष प्रात्यक्षिके केली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय जाहीर झाला. 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. एका तबकडीने आणि एका परक्या वाद्यवृंदाने राष्ट्राच्या निर्णयावर प्रभाव टाकावा, यावरून वाद्यवृंद ही करमणुकीपुरती वस्तू नाही हे लक्षात येईल. मास्टर कृष्णरावांचा आग्रह पूर्ण सफल झाला नाही. परंतु तक्रार करीत बसण्याऐवजी स्वररचना लिहून, वाजवून, ऐकवून उत्तर द्यावे, हा त्यांचा मार्ग विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

दोनच वर्षांनी, १९५२ साली, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते त्या पदावर १९६२ पर्यंत राहिले. शास्त्रीय संगीताची त्यांना मनस्वी ओढ होती आणि चित्रपटसंगीताविषयी तितकीच नावड. पाश्चात्त्य धर्तीच्या मोठ्या वाद्यमेळाने भारतीय कान बिघडतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला, निर्मात्यांशी वाद झाला, आणि काही काळ ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांची एवढीच आठवण सांगितली जाते, आणि ती अपुरी आहे. जे नको त्याला मज्जाव करताना, जे हवे ते निर्माण करण्याचीही त्यांनी सोय केली. आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आणि त्याच वर्षी दिल्लीत आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला. त्याची धुरा तरुण पं. रविशंकर यांच्याकडे होती. ते उदय शंकर यांच्या पथकात वाढलेले आणि अल्लाउद्दीन खाँ यांच्या हाताखाली मैहरमध्ये शिकलेले. वर सांगितलेल्या दोन शाळा दिल्लीत अशा एकत्र आल्या. कर्नाटक पद्धतीची बाजू टी. के. जयराम अय्यर सांभाळीत. सतार, सरोद, वीणा, बासरी, सनई, सारंगी, व्हायोलिन, जलतरंग, तबला, मृदंग अशी उत्तर-दक्षिणेची वाद्ये एका दालनात बसू लागली.

१९५६ पासून पं. पन्नालाल घोष यांनी हा वृंद चालविला. बांबूच्या बासरीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या या कलावंताने 'कलिंग विजय', 'ऋतुराज' यांसारख्या रचना वृंदासाठी केल्या. २० एप्रिल १९६० रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. १९६३ साली चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ संगीतकार अनिल विश्वास मुंबई सोडून या वृंदाचे प्रमुख झाले. ज्या चित्रपटसंगीताला दूर ठेवण्यासाठी खटाटोप झाला, त्याच क्षेत्रातून वृंदाला नेता मिळाला. ते पुढे दिल्लीचेच झाले आणि २००३ साली त्यांनी येथेच शेवटचा श्वास घेतला. हे सारे पहाडगंजपासून कनॉट प्लेस ओलांडून जाता येईल इतक्या जवळ, संसद मार्गावरील आकाशवाणीच्या वास्तूत घडत होते.

त्याच वर्षांत मुंबईत दुसरा वाद्यवृंद भरभराटीला आला होता. राहात्याजवळच्या पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांच्या चमूत गोव्याच्या हळदोणे गावचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची स्वररचना सेबास्टियन डिसोझा कागदावर उतरवीत. संगीतकार चाल गुणगुणत. ती ऐकून कोणत्या वाद्याने कोठे, किती मात्रा, कोणता स्वर वाजवायचा, हे संयोजक रात्री जागून लिहून काढी. आणि सकाळी साठ-सत्तर वादकांपुढे ते कागद असत. एका ध्वनिवर्धकापासून कोणी किती अंतरावर बसायचे यावर समतोल अवलंबून असे. एकाची चूक झाली की साऱ्यांनी पुन्हा आरंभापासून वाजवायचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यसंगीत बसवायचे. ज्या मधल्या तुकड्यांवरून आज कोणीही गाणे क्षणात ओळखतो, ते या काटेकोर शिस्तीतून जन्मले.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे या परंपरेतील एक श्रेष्ठ नाव. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. हा उपक्रम आर्थिक बळाअभावी फार चालला नाही आणि गोन्साल्विस चित्रपटसृष्टीतून दूर झाले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' चित्रपटाच्या एका गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचे नाव गुंफविले. सारा देश ते नाव गाऊ लागला. परंतु ते नाव धारण करणारा एक शिक्षक खरोखर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते निवर्तले.

पुण्याचे उदाहरण अधिक आपलेसे आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने 'गीतरामायण' प्रसारित केले. वर्षभरात ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आणि दर आठवड्याला नवे गीत. या सुगम संगीताच्या मागे मोजक्या वाद्यांचा छोटा पण नेटका मेळ होता. त्यात प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन होते. पुढे जोगांनी 'गाणारं व्हायोलिन' या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या आणि शब्दांवाचून गाणे ऐकण्याची गोडी मराठी घरांना लावली. ज्याने वर्षानुवर्षे गायकाच्या मागे बसून वाजविले, त्याचे नाव असे तबकडीच्या दर्शनी भागावर आले.

नाव छापले गेल्याने काय घडते याचे आणखी एक उदाहरण आहे. मराठी भावगीताचे आद्य गायक जी. एन. जोशी हे मुंबईत एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी होते. १९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस प्रहरांनुसार रागांतून उलगडणारी ती रचना. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला अशी चारच वाद्ये. वेष्टनावर चौघांचीही नावे होती. ती ध्वनिमुद्रिका जगभर गेली आणि तिच्याबरोबर ती नावेही गेली. साठ-सत्तर वादकांच्या चित्रपटवृंदाच्या तबकडीवर गायक, संगीतकार, कवी यांना जागा मिळे. वादकांना मिळत नसे.

आता या साऱ्याची ध्वनिमुद्रणे कोणत्या स्थितीत आहेत? चित्रपटगीतांच्या तबकड्या लक्षावधी घरांत गेल्या, म्हणून त्या टिकल्या. एक फुटली तरी दुसऱ्या घरी सापडते. आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे तसे नाही. आरंभीचे पुष्कळसे प्रसारण जिवंत होई. मुद्रण होतच नसे. पुढे चुंबकीय फीत आली, पण ती महाग. कार्यक्रम झाला की फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेण्याची रीत पडली. त्यातून जे जपले गेले ते आकाशवाणीच्या संग्रहात आहे आणि त्यातील निवडक भाग पुढे प्रसिद्धही झाला. तरी राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संगीत आजच्या विद्यार्थ्याच्या कानी सहजी पडत नाही. ज्या चित्रपटसंगीतावर बंधने घातली गेली ते सर्वत्र ऐकू येते, आणि ज्याला राजाश्रय मिळाला ते कपाटात आहे. यावरून एक धडा घ्यावा लागेल. वारसा टिकतो तो पुष्कळ हातांत पोहोचल्यामुळे. एका सुरक्षित कपाटावर विसंबून तो टिकत नाही.

दोन्हीकडे एक उणीव मात्र समान आहे. दिल्लीच्या दालनात जलतरंग वाजविणारे कोण होते, मुंबईच्या त्या प्रसिद्ध गाण्यातील दुसऱ्या रांगेतील व्हायोलिन कोणाचे, हे तबकडी सांगत नाही. अलीकडे काही अभ्यासकांनी वृद्ध वादकांना भेटून, एकेका गाण्यातील एकेका तुकड्याचा वादक शोधून नोंदी केल्या. हे काम अतिशय मोलाचे आहे. परंतु ते पन्नास वर्षे उशिरा सुरू झाले, आणि तोवर कित्येक साक्षीदार निघून गेले होते. मुद्रण करतानाच एका कागदावर नावे लिहिली असती तर किती श्रम वाचले असते! ते न होण्याचे कारण वाईट हेतू नव्हता. त्या त्या वेळी सर्वांना सर्व ठाऊक होते, म्हणून कोणी लिहिले नाही.

मित्रहो, येथे हा विषय शाळेच्या दारात येतो. साठ वर्षांत या शाळेच्या संमेलनांत, प्रार्थनेत, स्वातंत्र्यदिनाच्या समारंभांत किती वाद्ये वाजली असतील! पेटी, तबला, झांज, बासरी, बुलबुलतरंग, कवायतीचा ढोल. त्यांतील काही कार्यक्रमांच्या कॅसेट कोणा ना कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या रेडिओच्या खणात पडलेल्या असतील. त्या तेवढ्याच एका प्रतीत आहेत. चित्रपटगीतासारखी दुसरी प्रत शेजारच्या घरी सापडणार नाही.

म्हणून हीरक महोत्सवी वर्षात शाळेचे सर्व माजी विद्यार्थी व पालक यांना आवाहन आहे. ज्यांच्याकडे अशा फिती असतील त्यांनी त्या शाळेकडे आणाव्यात. प्रत काढून मूळ फीत परत केली जाईल. आणण्यापूर्वी ती घरी वारंवार वाजवून पाहू नये. दिल्लीचा उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा यांत फीत चिकटते, तिला बुरशी धरते. पहिल्याच वाजविण्यात ती तुटण्याचा संभव असतो. शक्य तर पहिले वादन प्रत काढतानाच व्हावे. लोहचुंबक, ध्वनिक्षेपक, दूरचित्रवाणी संच यांपासून ती दूर ठेवावी. प्रती एकाच जागी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात.

फितीइतकीच महत्त्वाची गोष्ट तिच्यासोबतची चिठ्ठी. वर्ष, प्रसंग, गीताचे नाव, चाल कोणाची, गायले कोण, एवढ्यावर थांबू नये. पेटीवर कोण होते, तबल्यावर कोण, कोरसमध्ये शेवटच्या रांगेत कोण उभे होते, तालीम कोणत्या बाईंनी अथवा सरांनी घेतली, पडद्यामागून सूर कोणी दिला, हेही लिहावे. आवाज ऐकून ही माणसे ओळखणारे आज हयात आहेत आणि पुष्कळसे या सभागृहात बसले आहेत. आणखी वीस वर्षांनी फीत कदाचित असेल. ओळखणारे असतीलच असे नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांजवळ बसून ही नावे विचारून घ्यावीत. इतिहासाच्या तासाला याहून चांगला गृहपाठ देता येणार नाही.

वाद्यवृंदात प्रत्येक वादक स्वतःचा आवाज साऱ्यांच्या आवाजात मिसळून टाकतो. त्यातच त्या संगीताचे सौंदर्य आहे. त्याने स्वतः पुढे येऊन नाव सांगावे अशी अपेक्षा करता येत नाही. ते काम ऐकणाऱ्याचे आहे. आणि शाळेला हे काम नवे नाही. शाळा ही अशी जागा आहे की जेथे पहिला येणारा आणि शेवटच्या बाकावरचा, दोघांचीही नावे रोज सकाळी सारख्याच आवाजात पुकारली जातात आणि एकाच हजेरीपटात लिहिली जातात. तोच शिरस्ता आपल्या संगीतालाही लावावा. यंदाच्या संमेलनापासून शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदवहीत सर्व वादकांची आणि सर्व सहगायकांची नावे लिहिली जातील. मागील साठ वर्षांची पाने भरणे आता आपणा सर्वांच्या हाती आहे.